पिंजरा नंबर तीनमधला वाघ्या

बोरखेडी, ता. पारशिवनी
१२ नोव्हेंबर २०२४

अनंतराव व्याही यांना मधुकररावचा रामराम.

दिवाळीपासून आमच्या गावचा टॉवर बंद पडला आहे. फोन लागत नाही, म्हणून हा कागद धोंडबाच्या टेम्पोत देत आहे. तो रोज पहाटे भाजी घेऊन कॉटन मार्केटला येतो आणि दुपारी परततो. उत्तर त्याच्याच हाती द्यावे.

आधीच सांगतो, घाबरू नये. काल सोमवारी संध्याकाळी आपला नातू गौरांग याला आमच्या घरचा कुत्रा वाघ्या चावला. पोटरीला दोन दात लागले, थोडे रक्त आले. वाघ्या भाकर खात होता आणि पोराने मागून त्याची शेपटी धरली, एवढेच झाले. लगेच पारशिवनीला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी जखम साबणाने धुवून एक सुई दिली आणि कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवा म्हणाले.

घरी आलो तर दारात दहा-बारा जण काठ्या घेऊन उभे. "पिसाळला असन तो. आताच्या आता संपवा," म्हणून आरडाओरड. मी म्हटले, "माहा व्याही नागपुरात कुत्र्यायच्या दवाखान्यात आहे. त्याच्यापाशी पाठवतो. तो सांगन काय ते." तेव्हा कुठे लोक हलले.

म्हणून वाघ्याला याच टेम्पोत पाठवत आहे. तोंडाला दोरी बांधली आहे. दहा दिवस सांभाळावे. एकच मागणे आहे, त्याला मरणाची सुई देऊ नये. पोटच्या पोरासारखा आहे.

तुमची हिमानी ठीक आहे. तुमचा जावई ऋषी उमरेडला खाणीत ड्यूटीवर आहे, त्याला उगाच कळवले नाही.

आपला,
मधुकर

*

नागपूर
१२ नोव्हेंबर

मधुकररावांना आणि विहीणबाईंना माझा नमस्कार.

 मी मुलीचा बाप. पाच वर्षांत तुमच्या उंबऱ्यात दोनदा आलो असेन, तेही उभ्याउभ्या. पण गौरांगचे नाव वाचले आणि धोंडबाच्याच गाडीत बसून यावेसे वाटले. आमच्या डॉक्टर नूपुर मॅडमनी थांबवले. म्हणाल्या, "काका, तिथं जाऊन तुम्ही काय करणार? कुत्र्यावर नजर इथंच ठेवता येईल. तुम्ही फक्त पोराच्या सुया चुकू देऊ नका."

वाघ्या नीट पोहोचला. मागच्या बाजूला चावलेल्या कुत्र्यांसाठी वेगळी खोली आहे, तिथे पिंजरा नंबर तीन त्याला दिला. काळजी नसावी. हा दवाखाना तुम्ही पाहिलेला नाही. पुढच्या खोलीत लस, त्याच्या बाजूला एक्स-रे आणि सोनोग्राफी, वर ऑपरेशनची खोली. मालक परगावी गेले की कुत्री-मांजरे इथेच राहायला येतात. आंघोळीची आणि नखे कापायची सोय आहे. आज एका पांढऱ्या कुत्रीचा वाढदिवस होता, तिला शाम्पूने न्हाऊ घालून मी गळ्यात रिबीन बांधली. एकोणीस वर्षे हेच काम करतो, पण आज रिबिनीची गाठ तीनदा सोडून बांधली.

मॅडमनी सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. चावल्यापासून दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता असे समजायचे. पण त्या दहा दिवसांची वाट पाहत सुया थांबवायच्या नसतात. दुसरी सुई १४ तारखेला, तिसरी १८ ला. शिवाय रक्त आले असेल तर जखमेतच भरायचे एक औषध असते. ते दिले का? रोग एकदा उठला की मग त्याच्यावर उपाय नाही. मी विचारतो याचा राग मानू नये.

फॉर्मवर मी वाघ्याचे वय सहा वर्षे लिहिले आहे. हिमानीच्या लग्नात तो मांडवाखाली झोपला होता असे ती सांगायची, त्यावरून.

आपला,
अनंत

*

बोरखेडी
१३ नोव्हेंबर

अनंतराव,

तुमचा कागद घरात सगळ्यांना वाचून दाखवला. वाघ्या पोहोचला हे ऐकून बरे वाटले.

पोर खेळते आहे. सगळे वेळेवर चालू आहे, त्याची चिंता करू नये. कुत्रा चावल्यावरच्या आपल्या रीतीप्रमाणे गौरांगला सात विहिरीही दाखवल्या. आमच्या गावात आता पाचच उरल्या, दोन बुजवल्या. मग उरलेल्या दोनसाठी तुमच्या विहीणबाईने, रुखमाने त्याला कडेवर घेऊन शेजारच्या गावी नेले. सातही पाण्यांत त्याला स्वतःचे तोंड दिसले. हसला म्हणते. तेव्हा देवाची कृपा आहे.

वाघ्या जेवतो का? पाणी पितो का? पाण्याचे जरूर लिहावे.

आपला,
मधुकर

*

नागपूर
१५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

मधुकररावांना नमस्कार.

काल दुसऱ्या सुईचा दिवस होता. झाली असणारच. पोर रडले का?

विहिरींबद्दल माझे काही म्हणणे नाही. लहानपणी उमरेडला मला कुत्रा चावला होता तेव्हा माझ्या आईनेही दाखवल्या होत्या. तिच्या कमरेला धरून मी वाकलो होतो ते अजून आठवते. दाखवल्या ते बरे केले. फक्त सुईसुद्धा.

वाघ्या सकाळी दोन पोळ्या आणि संध्याकाळी भात खातो. पाणी भरपूर पितो. तुम्ही विचारले म्हणून मी मुद्दाम उभे राहून पाहिले. लाळ नाही, आवाज बदललेला नाही, उजेडाला बुजत नाही. मॅडम रोज दोनदा तपासून कागदावर सही करतात.

एका गोष्टीने मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. "वाघ्या, वाघ्या" म्हणून कितीही हाक मारली तरी तो मान वळवत नाही. काल मी पंधरा-वीस वेळा हाक मारली असेल. शेजारच्या पिंजऱ्यातली कुत्री उठून उभी राहिली, हा ढिम्म. मॅडमना सांगितले. त्या म्हणाल्या, ऐकू येते आहे, भांडे वाजले की कान टवकारतो. मग हाकेला ओ का देत नाही? डोक्यात काही सुरू तर झाले नसेल ना? आज देवापुढे दिवा लावला तेव्हा गौरांगच्या आधी याच्यासाठीच मागणे मागितले. हा बरा तर पोर बरे.

तुम्ही त्याला हाक मारताना काही वेगळे म्हणता का? शीळ वगैरे? कळवावे.

आपला,
अनंत

*

(डब्याच्या फडक्यात बांधलेली चिठ्ठी)

बोरखेडी
१६ नोव्हेंबर

बाबा,

हे लपवून लिहून राहिली. धोंडबाकाकाले म्हटलं, डबा फक्त तुमच्याच हातात द्यायचा.

गौरांगले दुसरी सुई दिलीच नाई. पारशिवनीच्या डॉक्टरनं पयल्याच दिवशी सांगितलं होतं का जखमेतलं औषध माह्यापाशी नाई, उद्याच्या उद्या नागपूरले न्या. मामंजी हो हो म्हणाले, पण नेलं नाई. गुरुवारी मी तयारी केली त सासूबाई म्हणाल्या, "काहून नेतं वं? तुह्या बापाकडं कुत्रा नजरेत हाय. कुत्र्याले काई असतं त त्यानं कळवलं नसतं का? सात विहिरी झाल्या. पोराले कशाले भोसकतं?" मी मामंजींकडं पाहिलं. ते पान लावत बसले. आन् काल तुमचं पत्र आलं, दोन पोळ्या खाते, पाणी पिते. ते त्यायनं मोठ्यानं वाचलं. सासूबाईनं देवापुढं साखर ठेवली.

तुमच्या पत्रावरच सगळे विसंबून हायेत बाबा. कुत्रा बरा असला म्हणजे सुई नाई दिली तर चालते का? खरं सांगा. मामंजी चारपाच दिवसांपासून सारखे वावरातच राहतात. जेवत पण नाई धड.

हिमानी

*

बोरखेडी, तुमच्याच ओट्यावरून
१७ नोव्हेंबर, दुपार

मधुकरराव,

तुम्ही घरी नाही. वावरात गेलात म्हणतात. माणूस पाठवला होता, तोही परत आला. मला थांबता येत नाही, म्हणून धोंडबा टेम्पो वळवतो आहे तोवर हे लिहितो. गौरांगला आणि हिमानीला घेऊन जात आहे. विहीणबाईंनी अडवले. मी त्यांच्यापुढे हात जोडले, पण पोर खाली ठेवले नाही. आयुष्यात पहिल्यांदा व्याह्याच्या दारात मी आवाज चढवला. त्याची क्षमा नंतर मागेन.

आज सकाळी काय झाले ते ऐका. मॅडमनी पिंजरा नंबर तीनमधल्या कुत्र्याचे तोंड उघडून पाहिले आणि मला म्हणाल्या, "काका, फॉर्मवर सहा वर्षं कोणी लिहिलं? हे दात बघा." दुधासारखे पांढरे, टोकदार, कुठे झीज नाही. "हा फार तर दीड वर्षाचा आहे."

मी म्हटले, मॅडम, हिमानीच्या लग्नालाच पाच वर्षे झाली. त्यांनी कुत्र्याचा ओठ पुन्हा वर करून दाखवला.  मग मला हाकेचे कळले.

मधुकरराव, तो वाघ्या नाही. मी सहा दिवस एका परक्या कुत्र्याचे खाणे-पिणे लिहून पाठवले. तुम्ही ते घरात वाचलेत आणि त्या पत्रांमुळे माझ्या नातवाची सुई राहिली. आम्ही मुलीकडचे लोक तुमच्याकडे पायधूळ झाडायलाही येत नाही, म्हणून मला तो कुत्रा ओळखू आला नाही. हे तुम्हाला माहीत होते.

जखमेत भरायचे औषध पहिल्या सुईपासून सात दिवसांपर्यंतच देता येते. उद्या सातवा दिवस.

वाघ्या कुठे आहे? मला बाकी काही नको. जिवंत आहे की नाही, एवढेच लिहा.

अनंत

*

बोरखेडी
१८ नोव्हेंबर

अनंतराव,

अक्षर वाकडे आहे, कारण डाव्या हाताने लिहितो.

तुम्ही ओट्यावर होता तेव्हा मी वावरातल्या झोपडीमागे बसलो होतो. तुमचा माणूस हाका मारून गेला. मी ओ दिली नाही.

त्या सोमवारी लोक गेल्यावर मला वाटले, दवाखान्यात वाघ्याला नक्की मारतील. वावरात त्याचेच पोर आहे, भुऱ्या. अंगाने, रंगाने बापावर गेलेले. पहाटे भुऱ्याला टेम्पोत चढवले आणि वाघ्याला वावरात बांधले. दहा दिवस मीच पाहीन असे ठरवले. तो बरा राहील याची मला खात्री होती. शपथेवर सांगतो, खात्री होती.

१३ तारखेला त्याने भाकर हुंगली आणि सोडून दिली. १४ ला पाणी प्यायला गेला आणि पाण्याकडे पाहून मागे सरला. आवाज फुटत नव्हता, घोगरा यायचा. मी वाडगे पुढे सरकवले, तर माझ्या उजव्या हाताला धरले. सोडेचना. त्याच दिवशी रुखमा सुनेला म्हणत होती की सुई कशाला. मी घरी येऊन फडक्यात हात गुंडाळून पान लावत बसलो होतो. त्या वेळी बोललो असतो तर पोराची सुई चुकली नसती. पण बोलायचे म्हणजे सुनेपुढे, बायकोपुढे सगळेच सांगावे लागत होते. जीभ उचलली नाही. आणि दुसऱ्या दिवशी तुमचे पत्र आले. "पाणी भरपूर पितो." ते मी मोठ्याने वाचले. वाचताना एक क्षण मलाही ते खरे वाटले.

१५ ला दोर तोडून तो गेला. तेव्हापासून शोधतो आहे.

माझी मी शिक्षा घेतली आहे. मारुतीपुढे शब्द दिला की मी सुई घेणार नाही. पोर वाचो, माझे काय व्हायचे ते होवो. हिमानीला हे सांगू नये. पोराचे कळवावे. पाया पडतो, पोराचे आधी कळवावे.

मधुकर

*

नागपूर
१९ नोव्हेंबर

मधुकरराव,

पोराचे आधी लिहितो. काल सकाळी दहा वाजता सरकारी दवाखान्यात जखमेत औषध भरले आणि सुया पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या. डॉक्टर म्हणाले, अगदी काठावर आणलेत, पण वेळेत आणलेत. आता २१, २५, मग २ आणि १६ डिसेंबर. यातली एकही चुकली नाही तर भरवसा ठेवा असे म्हणाले. जखमेत औषध भरताना हिमानीने पाय धरले आणि मी हात. चार वर्षांचे पोर, त्याने मला "बाबाजी, तुमी वाईट" म्हटले. ऐकून घेतले.

वाघ्या सापडला, जिवंत असो वा मेलेला, तर कोणीही उघड्या हाताने शिवू नये. नूपुर मॅडमनी पशुसंवर्धन विभागाला आणि पंचायतीला कळवले आहे. मेला असेल तर त्याच्या डोक्याची तपासणी होऊ शकते.

आता तुमच्या शब्दाचे. मी शिकलेला माणूस नाही. गावच्या शाळेत जेवढे झाले तेवढे. रोज दिवा लावतो, नाव घेतो, देव काय मागतो ते मला अजून कळलेले नाही. पण एका म्हाताऱ्याने तडफडून मरावे आणि ते त्याच्या बायकोने, सुनेने, नातवाने उघड्या डोळ्यांनी पाहावे, असे तो मागत असेल हे मला पटत नाही. या रोगाचे मरण मी जनावरांत पाहिले आहे. एकोणीस वर्षांत चार वेळा. पाचव्यांदा पाहणार नाही.

ही शिक्षा नव्हे, मधुकरराव. मेलेल्या माणसाला कोणी जाब विचारत नाही, म्हणून तुम्ही मरायला निघालात. तुम्हाला मरण सोपे आहे. घरात तोंड उघडून सांगणे जड आहे.

तुम्हाला चावून पाच दिवस झाले. अजून एकही सुई घेतलेली नाही, तेव्हा औषध आणि सुई दोन्ही सुरू करता येतात. पण उशीर केलेला प्रत्येक दिवस वाईट. धोंडबाच्या गाडीत बसा.

हिमानी विचारते, "बाबा, वाघ्या तुमच्यापाशी होता ना?" मी खोटे बोलत नाही आणि खरे सांगितलेले नाही. खरे तुम्ही सांगा.

अनंत

*

बोरखेडी
२० नोव्हेंबर

अनंतराव,

वाघ्या सापडला. कालव्याच्या कडेला, मेलेला. पशुसंवर्धन विभागाचे लोक हातमोजे घालून आले होते, डोके पेटीत घालून नेले. मी लांब उभा होतो. कोणी विचारले, "कोणाचा कुत्रा हाय गा?" तर मी म्हटले, "माहा."

सुईचा विषय काढू नये. देवापुढे दिलेला शब्द आहे.

मधुकर

*

नागपूर
२१ नोव्हेंबर

मधुकरराव,

सकाळी मॅडमच्या फोनवर अहवाल आला. वाघ्याला रोग होता.

म्हणजे गौरांगच्या पोटरीत जे गेले ते खरे होते. तुमच्या हातात गेले तेही खरे आहे. आता शंकेला जागा नाही आणि आशेलाही नाही. फक्त सुया आहेत.

आज पोराची दुसरी सुई होती. दंड पुढे करेना. नर्सच्या टेबलाखाली शिरला. हिमानी म्हणाली, "अरे, वाघ्या चावला ना तुले? मग घ्याच लागते." तर टेबलाखालून म्हणाला, "आजोबाले पण चावला. त्यायले काहून नाई?" हिमानीने माझ्याकडे पाहिले. पोराने तुमचा हात फडक्यात पाहिला होता. वाघ्या वावरात बांधलेला त्याने पाहिला होता का, ते मला माहीत नाही. चार वर्षांच्या पोराला काय काय माहीत असते ते कोणी सांगावे.

शेवटी दोघांनी ओढून काढले आणि सुई दिली. अजून तीन राहिल्यात. दर वेळी तो हेच विचारणार. हिमानीही आता विचारते आहे.

तुम्ही मारुतीला शब्द दिलात. त्या पोराला काय दिलेत, ते सांगा.

पोराच्याच सरकारी दवाखान्यात उद्याचा नंबर मी तुमच्या नावाने लावून ठेवला आहे. नाव मधुकर, वय एकसष्ट, उजवा हात. रद्द करायचा असेल तर तुम्हीच येऊन करा.

अनंत

*

बोरखेडी
२२ नोव्हेंबर, पहाट

अनंतराव,

काल तुमचे पत्र आले ते मी या वेळी काही न गाळता सगळे वाचले. मोठ्याने. रुखमा होती, ऋषीला उमरेडहून बोलावून घेतले होते, काठ्या घेऊन आलेल्यांपैकी चौघे होते. वाघ्याचे, भुऱ्याचे, पाण्याचे, हाताचे, सगळे सांगितले. ऋषी उठून बाहेर गेला. लोक एकेक करून निघून गेले.  रुखमा म्हणाली, "मी पोराले विहिरी दाखवत हिंडत होती, आन् तुमाले ठाऊक होतं." एवढेच. नंतर तिने माझ्या हाताचे फडके सोडले, हात साबणाने धुतला आणि नवे बांधले.  अजूनही बोलत नाही.

मारुतीला जाऊन शब्द परत मागितला. त्याने काय म्हटले असेल ते मला कळत नाही, तुम्हालाही कळत नाही म्हणता. पण तिथून निघालो तेव्हा पाय गाडीकडेच वळले.

हिमानीला तुम्ही काही सांगू नका. मी समोर बसून सांगणार आहे. ती जे बोलेल ते ऐकायला येत आहे, सुई त्याच्यासोबत होईल.

हा कागद धोंडबा तुमच्या हातात देईल तेव्हा मी टेम्पोत पुढच्या सीटवर बसलेलो असेन. आपणहून खाली उतरायला धीर होणार नाही. तुम्ही बाहेर या. आणि उतरवताना डावा हात धरा, उजवा सुजला आहे.

मधुकर